अकरा दिवसांची गाडी

“येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या... आता डावीकडे कट मारा... बास!”

‘बास’ म्हणताना आमचे वॉचमनकाका मागच्या काचेवर तळहात आपटतात. गाडीला मागे कॅमेरा आहे. तो पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा काढतो, टूं टूं करून ओरडतोही. पण गेली तीन वर्षं मी गाडी थांबवते ती त्या तळहातावरच. घोडबंदर रोडला लागून असलेल्या आमच्या सोसायटीचं तळघर २००९ सालचं. त्या वेळी बिल्डरने खांब उभे केले ते सँट्रो, अल्टो, फार तर एखादी होंडा सिटी डोळ्यांसमोर ठेवून. आज त्या खांबांच्या कडांवर पांढरा, राखाडी, चॉकलेटी, लाल असे गाड्यांच्या रंगांचे थर चढलेत. कुठला कुणाचा ते सगळ्यांना पाठ आहे. लाल माझा.

एका रविवारी वैतागून सासूबाईंची शिवणाची टेप घेऊन खाली गेले. टेप दीडशे सेंटीमीटरची, त्यामुळे दोनदा लावावी लागली. पिवळ्या पट्ट्यापासून खांबापर्यंत दोन मीटर तीस. माझ्या अर्टिगाची रुंदी १.७३५ मीटर, तीही आरसे मिटवून. म्हणजे उरले साडेछप्पन सेंटीमीटर, दोन्हीकडे सारखे वाटले तर अठ्ठावीस-अठ्ठावीस. तेवढ्यातून दार उघडून, पोट आत घेऊन, पर्स डोक्यावर धरून मी रोज बाहेर पडते. जिमला जायचं सोडलं ते त्यामुळेच, असं मी घरी सांगते. शेजारच्या पट्ट्यात एक एक्सयूव्ही ७०० असते. तिची रुंदी १.८९ मीटर. तिच्या मालकांची नि माझी ओळख “उद्या तुम्ही आधी निघणार ना?” एवढ्या एका वाक्याची आहे, पण ती पक्की आहे.

तर ही सात सीटची गाडी घेऊन मी रोज सकाळी सव्वाआठला ऐरोलीला ऑफिसला जाते. एकटी.

कापूरबावडीपासून माजिवड्यापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते तेव्हा इकडेतिकडे बघण्याखेरीज करण्यासारखं काही नसतं. डावीकडे क्रेटा, उजवीकडे इनोव्हा, पुढे ब्रेझा, तिच्या पुढे स्कॉर्पिओ. काचा काळपट असल्या तरी सकाळच्या तिरप्या उन्हात आतलं दिसतं. एक माणूस, स्टेअरिंग, आणि मागे रिकाम्या सीटांच्या डोक्यांची रांग. पंगत उठून गेल्यावर पाट तेवढे मांडलेले राहावेत तशी. माझ्या गाडीचं वजन अकराशे किलोंच्या वर आहे. ते सगळं लोखंड माझे साठ-बासष्ट किलो हलवण्यासाठी जळतं. (बासष्ट. लिहायचं तर खरं लिहावं.)

हे एकट्या ठाण्याचं नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात प्रवासी गाड्या विकल्या गेल्या सुमारे ४३ लाख, आणि त्यातल्या जवळपास २८ लाख ‘युटिलिटी’ वर्गातल्या, म्हणजे एसयूव्ही किंवा एमपीव्ही म्हणतात त्या. शंभरात पासष्ट. कुणी म्हणतं लोकांकडे पैसा आलाय, कुणी म्हणतं सगळा दिखावा. दिखावा आहेच. शोरूममध्ये गाडीवर साटिनचं लाल कापड टाकतात, घरातल्या सगळ्यांनी ते एकदम ओढायचं असतं, आणि एक मुलगा मोबाइलवर शूटिंग करतो. आम्हीही ओढलं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला काचेवर पक्षाचं स्टिकर लावलेली पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली की दिखावा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण पासष्ट टक्के लोक निव्वळ दिखाव्यासाठी सात-सात वर्षं हप्ते भरतील हे मला पटत नाही. मराठी माणूस तर नक्कीच नाही. तो आधी ॲव्हरेज विचारतो.

मी नौपाड्यात वाढले. आमच्या बिल्डिंगमध्ये चौदा बिऱ्हाडं आणि चारचाकी एकच, तळमजल्यावरच्या डॉक्टरांची फियाट. बाबा वागळे इस्टेटला कामाला होते, त्यांची स्कूटर. मोठी गाडी आम्हाला लागायची ती वर्षातून एकदा, फार तर दोनदा. तेव्हा ती ‘ठरवली’ जायची. हा शब्द आता माझ्या मुलीला समजावून सांगावा लागतो. गाडी ठरवणं म्हणजे बाबांनी गणपतीच्या महिनाभर आधी स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे जायचं, किलोमीटरचा भाव, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीच्या हॉल्टचे वेगळे किती, हे सगळं बोलून ॲडव्हान्स द्यायचा आणि हाताएवढी चिठ्ठी पाकिटात ठेवायची. आधी ट्रॅक्स यायची. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली आणि दोन-तीन वर्षांत आम्हालाही सुमो मिळू लागली. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून ठेवलंय अशी आम्हा पोरांची खात्री होती. टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून ते आलं, हे पुढे कधीतरी कळलं. तेव्हा उगाच अभिमान वाटला आणि पैलवान गेल्याचं वाईटही वाटलं.

त्या सुमोत मागे समोरासमोर दोन बाकडी असत. तिथे आम्ही पोरं आणि सामान. आमच्यापैकी एकाला तरी गाडी लागायचीच. वडखळ येईपर्यंत मजेत, मग चेहरा उतरायचा, मग आईची आवळासुपारी, मग लिंबू, आणि कशेडी घाटात प्लॅस्टिकची पिशवी. पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा आणि आजोबा, मधल्या रांगेत आजी, काका-काकू, आत्या. आई नेहमी मागे, आमच्यात, पायाशी डबे घेऊन. तिला त्याचं काही वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. संगमेश्वरच्या पुढे आमच्या गावाच्या वळणावर गाडी थांबली की ड्रायव्हरमामांना आधी चहा, मग आम्ही. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच गाडी घ्यायला यायची. मग वर्षभर गाडीचा आणि आमचा संबंध नाही.

वर्षात चार-पाच दिवस लागणारी वस्तू तेवढेच दिवस आणायची, या व्यवहारात मला आजही काही चूक दिसत नाही. ताडपत्री, मोठी पातेली, सतरंज्या आपण अशाच आणतो. मग गाडीच तेवढी बारा महिने दारात का आली?

एक कारण असं की ती चालवता येऊ लागली. सुमो, ट्रॅक्स ही ड्रायव्हरने चालवायची वाहनं होती, जवळजवळ टेम्पोच. २००० मध्ये क्वालिस आली, रात्री-बेरात्री कॉल सेंटरच्या पोरापोरींना घराच्या कोपऱ्यावर सोडायला लागली, आणि ‘मोठी गाडीही गुळगुळीत चालू शकते’ हे एका अख्ख्या पिढीच्या अंगाला मागच्या सीटवर झोपा काढता काढता कळलं. मीही त्यातलीच. २००५ ला इनोव्हा आली, पण ती आमच्या खिशाबाहेरची. २०१२ च्या एप्रिलमध्ये अर्टिगा आली ती स्विफ्टचाच सांगाडा लांबवून. चालवायला मोटार, बसायला सुमो. ज्या बाईने अल्टोवर हात बसवला तिला या गाडीचं भय वाटायचं कारण उरलं नाही.

दुसरं कारण आमच्या घरात घडलं. २०२० चे गणपती ई-पासच्या भानगडीत गेले. २०२१ ला नवऱ्याने रीतसर गाडी ठरवली, ॲडव्हान्स दिला. निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला फोन आला: गाडी नाही. कुणीतरी जास्त भाडं दिलं असणार, दुसरं काय. हॉलमध्ये सहा माणसांच्या बॅगा, मखराचे पुठ्ठे, मोदकाचा साचा, सासूबाईंनी सात वेळा मोजलेली पूजेची भांडी. कोकण रेल्वेचं गणपतीचं बुकिंग उघडल्यावर मिनिटांत संपतं हे शेंबडं पोरही जाणतं, आदल्या रात्री कुठली गाडी मिळायला. शेवटी तिघं एसटीने उभ्याने गेली आणि तिघं राहिली. राहिलेल्यांत सासूबाई होत्या. लग्न झाल्यापासून, ते ई-पासचं वर्ष सोडलं तर, त्यांचा गावचा गणपती कधी चुकला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. भरलेली पिशवी उघडून भांडी एकेक करून परत मांडणीवर ठेवली. नवरा ते बघत उभा होता, आणि माझ्या मते आमची गाडी त्या क्षणी बुक झाली. पावती २०२२ च्या पाडव्याला फाटली, एवढंच. सीएनजी मॉडेलला वेटिंग इतकं होतं की गाडी दसऱ्याला आली. तोवर त्या वर्षीचे गणपती उरकले होते.

आता गंमत बघा. आम्ही घरात चौघं. नवरा, मी, मुलगी, सासूबाई. आमच्या विंगमध्ये चौघांपेक्षा मोठी घरं हातावर मोजण्याइतकी. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं किती, तर २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आकडा आला १.७. म्हणजे कुटुंब लहान होत चाललंय आणि गाडी मोठी. पाटीवर लिहून हे गणित कुणाला दिलं तर तो म्हणेल, उलटं लिहिलंय.

मला ते उलटं वाटेनासं झालंय. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. तो घेताना आम्ही रोजच्या माणसांचा हिशेब केला. दुसरा हिशेब परवडणाराच नव्हता. घोडबंदरला एक खोली वाढवायची म्हणजे कर्ज पंचवीस-तीस लाखांनी वाढणार. गाडीत एक रांग वाढवायची तर दोन-तीन लाख. नणंद नेरूळहून दोन मुलं घेऊन आली तर रात्री नवऱ्याला हॉलमध्ये गादी. सातारच्या मावशी आल्या की मुलगी आजीच्या खोलीत. गावाहून एकदम चौघं आली तर आम्ही तोंडाने “राहा की” म्हणतो आणि मनात चादरी मोजतो, आणि समोरच्यालाही ते कळतं. तो म्हणतो, “नाही गं, डोंबिवलीला भाच्याकडे जायचंय.” घराने आपल्या माणसांना ‘जागा नाही’ म्हणायला कधीच सुरुवात केली आहे. गाडी घेताना आपण सणाचा हिशेब करतो, कारण तो करणं परवडतं. निदान प्रवासाला तरी कुणाला ‘तू मागून रेल्वेने ये’ असं म्हणावं लागू नये, एवढीच त्यात आस असते. शोरूमवाल्या मुलाने तिसरी रांग उघडून दाखवली तेव्हा सासूबाईंनी लगेच माणसं बसवायला घेतली होती. “इथे सुधा, इथे पोरं...” त्या सीटवर मोठा माणूस अर्ध्या तासाच्या वर बसू शकत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

अर्थात सगळंच काही आमच्या मनातून आलेलं नाही. कायद्यानेही गाड्यांना आकार दिलाय, आणि तो बराच मजेशीर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. लहान म्हणजे कुठली? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. कायद्याने लांबी मोजली आणि उंची सोडून दिली. मग व्हायचं तेच झालं. डिझायरसारख्या गाड्यांच्या डिक्या छाटल्या गेल्या. डिक्या अशा आखूड, की मागून बघितलं तर धावता धावता कुणीतरी शेपूट तोडल्यासारखं वाटावं. आणि बाकीच्या गाड्या आडव्या वाढता येईना म्हणून उभ्या वाढल्या, ठाण्यात जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा राहावा तशा. टाटा पंच ३.८३ मीटरची, म्हणजे कागदावर लहानच, पण उभी राहते ऐटीत. २०२४ मध्ये देशात सर्वांत जास्त खपली ती हीच, आणि मारुतीची चाळीसेक वर्षांची पहिली जागा गेली. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४०. चार मीटरची रेघ तशीच आहे. माझी गाडी ४.३९५ मीटरची. रेघेबाहेर पडायची ऐपत आहे म्हणून नाही, तिसरी रांग चार मीटरमध्ये धड बसत नाही म्हणून आम्ही जास्तीचा कर भरला.

अमेरिकेत उलटी गंगा. तिथे १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ मध्ये गाड्यांच्या ॲव्हरेजचा कायदा केला. मोटारींना नियम कडक, आणि ‘हलके ट्रक’ म्हणून जे मोजले जात त्यांना सैल, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, कारागिराचं वाहन. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने घरच्यांसाठी मिनीव्हॅन काढली ती ट्रकच्या वर्गात बसवून. लांबलचक स्टेशन वॅगन हळूहळू संपल्या आणि आया मुलांना शाळेत सोडायला कायद्याने ‘ट्रक’ असलेली गाडी नेऊ लागल्या. योगायोग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे मारुती ८०० आली. तिच्या पुढच्या मॉडेलची लांबी ३.३३५ मीटर, रुंदी १.४४. माझ्या अठ्ठावीस सेंटीमीटरच्या फटीत ती बसली नसती, पण माझ्या पट्ट्यात ती लावून शेजारी एकामागे एक दोन स्कूटरी मावल्या असत्या.

उंचीचं मात्र वेगळं आहे. उंचीमागे भीती आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नवऱ्याच्या मोठ्या भावाची झेन त्या रात्री पाण्यात गेली. ती सीटपर्यंत चिखल घेऊन बाहेर आली आणि पुढे दोन वर्षं, विकेपर्यंत, तिला तो वास येत राहिला. तेव्हापासून आमच्या घरी कुठलीही गाडी बघायला गेलं की नवरा आधी खाली वाकून तिचं पोट बघतो. ग्राउंड क्लिअरन्स किती, हा त्याचा पहिला प्रश्न. त्यात घोडबंदरचे खड्डे, मेट्रोच्या कामाचे पत्रे, गायमुखच्या घाटात जुलैमध्ये दर वर्षी नव्याने उलगडणारा रस्ता. खालून ‘खर्रर्र’ आवाज आला की पोटात कालवतं, ते ज्याने बुटकी गाडी चालवली आहे त्यालाच कळेल.

पण भीतीने घेतलेली उंची दुसऱ्याला भीती देते. आमच्या जुन्या अल्टोत रात्री मागून उंच गाडी आली की तिचे दिवे थेट आरशात, डोळे दिपायचे, मी मनातल्या मनात शिव्या घालायचे. आता माझे दिवे कुणाच्या तरी आरशात जातात, आणि तो त्याच शिव्या मला घालत असणार. वाड्यात एकाने रेडिओ मोठा केला की शेजारच्यालाही करावा लागायचा, तसंच हे. आणि एक गोष्ट मी अजून विसरले नाही. मागच्या मे महिन्यात तळघरातून निघताना शेजारच्या एक्सयूव्हीच्या बोनेटपलीकडून एक निळं हेल्मेट आपलं आपलं सरकत येताना दिसलं. फक्त हेल्मेट. मी ब्रेक मारला. हेल्मेटखाली पाच-सहा वर्षांचं पोर आणि छोटी सायकल होती. ते माझ्याकडे बघून हसलं, पॅडल मारत निघून गेलं. मी तशीच बसून राहिले, मागच्याने हॉर्न दिला तरी.

मोठ्या गाडीच्या बाजूने मला एकच बिनतोड मुद्दा माहीत आहे, तो म्हणजे सासूबाईंचा गुडघा. २०२३ ला त्यांचा उजवा गुडघा बदलला. त्याआधीची दोन वर्षं बुटक्या गाडीत बसणं म्हणजे एक विधीच असायचा. आधी पाठ करायची, मग दारावरचा दांडा धरायचा, मग ‘देवा’ म्हणून स्वतःला खाली सोडून द्यायचं, मग हाताने एकेक पाय आत घ्यायचा. उतरताना नवरा पुढून आणि मी मागून. आमच्या गाडीची सीट त्यांच्या बरोबर मांडीच्या उंचीची आहे. त्या नुसत्या टेकतात आणि वळतात. पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, “ही खुर्ची आहे गं, गाडी नाही.” ठाण्यात म्हातारी माणसं घरोघर आहेत आणि गुडघेही घरोघर. हा मुद्दा जाहिरातीत कधी दिसत नाही. तिथे बर्फातून चिखलातून उड्या मारत जाणारी गाडी दाखवतात. आजीला सारसबागेसमोर सुखरूप उतरवणारी कुणी दाखवत नाही.

तिसऱ्या रांगेचं राजकारण मात्र अजून संपलेलं नाही. पुढची सीट मानाची, मधली वडीलधाऱ्यांची, मागची सुनांची आणि पोरांची, ही ट्रॅक्सच्या काळातली घडी. आमच्याकडे ती अपघाताने विस्कटली, कारण स्टेअरिंग माझ्या हातात असतं. नवऱ्याला घाटात चालवायला आवडत नाही. तेव्हा गावी जाताना सासूबाई पुढे माझ्या शेजारी, मध्ये दीर, जाऊ, मावशी, आणि माझा पावणेसहा फुटी नवरा मागच्या रांगेत, पोरीशेजारी, गुडघे छातीशी घेऊन. माणगावला चहाला थांबलं की तो घडी मोडलेल्या खुर्चीसारखा एकेक सांधा सरळ करत बाहेर येतो. पहिल्या वर्षी माझ्या आईला फोटो पाठवला होता. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग एकच हसरा चेहरा पाठवला.

आणि सामान? सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्लेली. सात माणसं न्यायची किंवा सात माणसांचं सामान, दोन्ही नाही. म्हणून वर कॅरिअर, त्यावर ताडपत्री, त्यावर दोरी. तीस वर्षांत एवढी प्रगती होऊन आम्ही शेवटी ट्रॅक्सवरच आलो.

मी खर्चाची वही ठेवते. डिसेंबरअखेर ती चाळत बसले होते. ठरवलं की वर्षात सातही सीट भरून गाडी किती दिवस धावली ते मोजू. गणपतीचं जाणं-येणं आणि तिथलं फिरणं मिळून पाच. साताऱ्याचं लग्न दोन. मुलीच्या बारावीनंतर समृद्धीवरून शिर्डी, एक. नणंदेच्या घरची वास्तुशांत, एक. कुलदैवत, दोन. अकरा. नाशिकला मावससासऱ्यांच्या दहाव्याला गेलो तो दिवस मी धरला नाही, कारण तेव्हा आम्ही आठ होतो.

अकरा दिवस गाडी ठरवली असती तर आजच्या भावाने पंचावन्न-साठ हजार. आमचा चार महिन्यांचा हप्ता. उरलेले आठ महिने आम्ही कशाचे भरतो? वही नवऱ्यापुढे ठेवली. त्याने आकडे नीट वाचले, चष्मा काढला आणि म्हणाला, “बरोबर आहे. आणि आदल्या रात्री साडेदहाला फोन आला तर?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. वही मिटली.

२०२५ च्या मे महिन्यात राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं धोरण आणू. सरनाईक आमच्याच ओवळा-माजिवड्याचे आमदार, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री दोनशे मेसेज पडले. निम्मे म्हणाले उत्तम, निम्म्यांनी विचारलं की दुसऱ्या गाडीचं काय. ज्यांनी उत्तम म्हटलं त्यांच्याही दोन-दोन गाड्या आहेत. माझ्याकडे एकच आहे, पण माझ्या पट्ट्यावर पाय देऊन उभं राहिलं तर मला बोलायचा फारसा अधिकार नाही, हेही खरं.

गेल्या भाऊबीजेला घर भरलं होतं. नणंद, तिची मुलं, दीर-जाऊ, सातारच्या मावशी, माझी आई. हॉलमध्ये टीव्ही, बेडरूममध्ये पत्ते, दुसऱ्या बेडरूममध्ये कुणीतरी झोपलेलं, गॅलरीत नवरा आणि दीर राजकारणावर तापलेले. नणंदेचं काहीतरी बिनसलंय हे मला तिच्या ओवाळण्यावरून कळलं होतं. पण बोलायला कोपरा कुठे होता! जेवणं वाढायची वेळ झाली आणि सासूबाई आणि ती, दोघी दिसेनात. गच्चीवर नाहीत, बागेत नाहीत. वॉचमनकाकांनी बोटाने खाली दाखवलं.

तळघरात माझ्या गाडीची एक काच चार बोटं खाली होती. आत छताचा छोटा दिवा लागलेला. मधल्या रांगेत सासूबाई, शेजारी नणंद, पाय वर घेऊन, लहानपणी बसत असेल तशी. बोलत होती ती एकटीच. सासूबाई समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत ऐकत होत्या आणि मधूनच तिच्या गुडघ्यावर हात फिरवत होत्या. सीटच्या खिशात मागच्या गणपतीतला आवळासुपारीचा डबा होता, तो काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

मी खांबाआडून बघत होते. तेवढ्यात गाडीतला दिवा आपोआप विझला. त्यांनी तो पुन्हा लावला नाही.

वर जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, अजून अर्धा तास थांबू, पुऱ्या गरमच काढते.